डब्यातली हवा: व्यापारी संकुलाचे कचरा-बिल कमी करण्याच्या कामाच्या नोंदी

जागा: पुण्यातले तीन मजली व्यापारी संकुल. दोन हॉटेले, एक किराणा-भाजीचे मोठे दुकान, फळांचा गाळा, एक दाताचा दवाखाना, बाकी कपडे, इलेक्ट्रॉनिक्स आणि ऑफिसे. कचरा खासगी ठेकेदार नेतो. सगळे आकडे कर सोडून आहेत.

१ मार्च २०२५

सध्याची व्यवस्था: १,१०० लिटरचे चार डबे सुक्यासाठी, २४० लिटरचे पाच डबे ओल्यासाठी, सगळे रोज उचलले जातात. दर मोठ्या डब्याला ४०० रुपये, लहानाला १२०. म्हणजे दिवसाला २,२०० आणि महिन्याला ६६,००० रुपये.

करार नीट वाचला. बिल "ठेवलेल्या डब्यांवर" आहे, उचललेल्या किंवा भरलेल्या डब्यांवर नाही. डबा रिकामा असला तरी ४०० रुपये लागतात. शिवाय झाकण बंद होत नसेल तर त्या डब्याला २५ टक्के जादा. बदलासाठी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. हे कलम आधी बघावे. संकुलात कितीही सुधारणा केली तरी करार बदलेपर्यंत एक रुपयाही वाचत नाही.

३ मार्च

मोजणी सुरू. ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा ६,५०० रुपयांना घेतला. रिकाम्या डब्यांचे वजन करून प्रत्येकावर ऑइल पेंटने लिहिले.

डबा किती भरला हे नजरेने सांगता येत नाही, कारण डबे खाली निमुळते असतात. त्यासाठी मोजकाठी केली. सुताराकडून लाकडाचा कोरडा भुसा आणला, २० लिटरच्या बादलीने २४० लिटरच्या डब्यात टाकत गेलो आणि दर बादलीला काठीवर खूण केली. अर्ध्या उंचीला पाचच बादल्या झाल्या, म्हणजे १०० लिटर. "अर्धा भरलाय" म्हणणारा माणूस डबा प्रत्यक्षापेक्षा जास्त भरलेला समजतो. भुशाऐवजी पाणी वापरू नये, २४० किलो वजनाने डब्याच्या भिंती फुगतात.

मोजायची वेळ पहाटे साडेपाच, गाडी येण्याआधी. रात्री मोजले तर हॉटेलांचा शेवटचा कचरा हिशोबातून सुटतो.

१७ मार्च

दोन आठवड्यांची सरासरी. १४ मार्चला धुळवडीमुळे अर्धी दुकाने बंद होती, तो दिवस वगळला.

सुके डबे: सरासरी ६२ टक्के भरलेले, प्रत्येकी ४६ किलो. १,१०० लिटरच्या डब्याची क्षमता ४४० किलो असते. आपण दहाव्या हिश्शाइतके वजन पाठवतो आणि पैसे अख्ख्या डब्याचे देतो.

ओले डबे: हॉटेलांचे दोन काठोकाठ, प्रत्येकी ११८ किलो. बाकीचे तीन जेमतेम ३३ किलोचे. २४० लिटरचा डबा ९६ किलोसाठी बनवलेला असतो. हॉटेलांच्या डब्यांची चाके दर दोन-तीन महिन्यांनी का निखळतात आणि उतारावर ते ढकलायला दोन माणसे का लागतात, याचे उत्तर इथे मिळाले.

कचऱ्याचे दोन प्रकार दोन वेगळ्या कारणांनी महाग पडतात. सुका जागा खातो. ओला वजन खातो आणि थांबू शकत नाही. दोघांना एकच उपाय लावला तर एक तरी बिघडतो.

१९ मार्च

ताडपत्री अंथरून एका दिवसाचा सगळा सुका कचरा वेगळा करून मोजला. एकूण १८४ किलो:

पुठ्ठा ७० किलो. शहाळी ५५ किलो, फाटकावरचा शहाळेवाला रात्री टाकून जातो. प्लास्टिक फिल्म आणि बाटल्या १४ किलो. उरलेले ४५ किलो: कागदी कप, पुसलेले टिश्यू, झाडलोट, थर्माकोल, फुटके हँगर.

पुठ्ठा वजनाने ३८ टक्के, पण न मोडलेल्या खोक्यांनी डब्यातली जवळजवळ दोन तृतीयांश जागा धरली होती. पंख्याचे एक रिकामे खोके डब्यात आडवे पडले की त्याच्या खालची पोकळी कोणी भरत नाही, वरून पिशव्या पडत राहतात.

दवाखान्याच्या पिशवीत सुई सापडली. निवडणे तिथेच थांबवले. जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांनुसार वेगळा ठेवून अधिकृत सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीला द्यायचा असतो, तो संकुलाच्या कोणत्याच डब्यात येता कामा नये. दवाखान्याशी बोलणे झाले, त्यांची नोंदणी होती पण मदतनीस नवीन होता. जाड हातमोजे आणि बूट आल्याशिवाय निवडायला कोणी बसणार नाही, हे ठरले. हा खर्च आधी करावा, नंतर नव्हे.

२२ मार्च

पुठ्ठ्याचे काय करायचे यावर गाळेधारकांची बैठक झाली. भंगारचा भाव किलोला ९ रुपये. दिवसाला ७० किलो म्हणजे ६३० रुपये, "संकुलाने स्वतः विकावा" असा सूर होता.

तसे करू नये, असे मत मांडले आणि ते मान्य झाले. संकुलात वर्षानुवर्षे कचरा वेचणाऱ्या दोन बायका यातला चांगला पुठ्ठा काढून विकत होत्या, उरलेला डब्यात जात होता. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली ती हाच मुद्दा घेऊन: कचऱ्यातल्या विकाऊ मालावर तो वेचणाऱ्यांचा हक्क आहे. तो पैसा संकुलाने ओढून घेतला तर त्यांचे घर चालणार नाही. आणि हिशोबानेही ते चुकीचे ठरते. खोकी मोडायला, बांधायला दिवसाला दोन तास लागतात. त्यासाठी वेगळा माणूस ठेवला तर भंगाराचा बराचसा पैसा त्याच्या पगारातच जाईल, आणि तो माणूस एक दिवस आला नाही की डबे पुन्हा खोक्यांनी भरतील. ज्यांचे पोट त्या पुठ्ठ्यावर आहे, त्या एकही खोके डब्यात जाऊ देत नाहीत.

ठरले असे: सगळा पुठ्ठा, फिल्म आणि बाटल्या त्यांच्या. मोडणे, बांधणे, भंगारवाल्याशी व्यवहार त्यांचा. संकुल देणार जागा, सुतळी, कटर, हातमोजे. संकुलाची बचत डब्यांच्या दरात आहे.

२८ मार्च

तळमजल्यावर जिन्याखाली जाळीचा पिंजरा करून घेतला: २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच. खर्च १४,००० रुपये. मोडलेला, गठ्ठे बांधलेला पुठ्ठा दिवसाला साधारण ६४० लिटर जागा घेतो, न मोडलेला १,७५० घेत होता. भंगारवाला आठवड्यातून दोनदा येणार, त्यामुळे पिंजरा पुरतो. गठ्ठा २० किलोपेक्षा मोठा बांधू नये, एकटीला उचलता आला पाहिजे. सुतळी दोन्ही बाजूंनी, नाहीतर मधली खोकी सरकतात.

४ एप्रिल

पहिला आठवडा फसला. गाळ्यांना कटर दिले, पत्रक लावले, तरी सुक्या डब्यांत रोज तीस-चाळीस अख्खी खोकी. कारण शोधले: दुकाने रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान आवरतात, आणि पिंजऱ्याला त्या वेळी कुलूप. पोरगा खोके घेऊन खाली येतो, कुलूप बघतो, डब्यात टाकतो.

दोन बदल केले. पिंजऱ्याला मागून उतरती फट ठेवली, मोडलेले खोके कुलूप असतानाही आत सरकवता येते. आणि सुक्या डब्यांची झाकणे साखळीने अशी बांधली की वीतभरच उघडतात. पिशवी जाते, अख्खे खोके जात नाही. झाकण कापून खाच पाडायचा विचार होता, पण डबे ठेकेदाराचे आहेत. साखळीची किल्ली पहाटेच्या पहारेकऱ्याकडे, गाडी आली की तो उघडतो.

१२ एप्रिल

साखळीने काम केले. अख्खी खोकी दिवसाला दोन-तीनवर आली.

शहाळेवाल्याशी बोलणे. शहाळे अख्खे टाकले तर आतली पोकळी आणि मधल्या फटी धरून डब्यात २०० लिटर जातात. तो आता कोयत्याने चार फोडी करून पोत्यात भरतो, दिवसाला तीन पोती. ठेकेदार पोत्याला २० रुपये घेऊन वेगळी नेतो. फोडी ओल्या डब्यात टाकू नयेत, लांब तंतू प्रक्रियेच्या यंत्राच्या पात्यात अडकतात आणि सगळी खेप परत येते.

सुका डबा पायाने दाबायला कोणी आत चढू नये. काच असते, आणि ब्रेक सुटला तर डबा सरकतो. लांब दांड्याला एक फूट लांबरुंद फळी ठोकून धुम्मस केली, बाहेरून दाबता येते.

१५ एप्रिल

आता ओला. खरकट्यात पाणी किती आहे ते बघण्यासाठी एका हॉटेलचा २० किलोचा घमेलाभर माल जाळीवर अर्धा तास निथळला. सव्वाचार किलो पातळ निघाले: सांबार, रस्सा, ताटातले पाणी.

भोकांच्या स्टीलच्या टोपल्या बसवल्या, तीन नग, प्रत्येकी १,८०० रुपये. भांडी घासायच्या मोरीवर ताट आधी टोपलीत झटकायचे.

१८ एप्रिल

एका हॉटेलची मोरी तुंबली. निथळलेला रस्सा थेट गटारात जात होता, तेल थंड होऊन पाइपात थिजले. तेलकट पाणी आधी ग्रीस ट्रॅपमधूनच, म्हणजे तेल-चरबी अडवून ठेवणाऱ्या पेटीतूनच, गेले पाहिजे. ट्रॅप होता, पण कधी साफ केला होता ते कोणाला आठवत नव्हते. साफ करून घेतला, ३,००० रुपये. आता दर आठवड्याला वरचा थर काढायचा, तारीख भिंतीवरच्या पाटीवर लिहायची. टोपली बसवण्याआधी ट्रॅप तपासा, उलट क्रमाने केले तर आमच्यासारखे दोन दिवस हॉटेलवाल्याचे बोलणे ऐकावे लागेल, आणि त्याचे बरोबर असेल.

तळणीचे वापरलेले तेल मोरीत किंवा डब्यात टाकायचे नाही. ते कॅनमध्ये साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यावे.

२४ एप्रिल

२०२५ मध्ये लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने ओल्यावर शक्य तितकी प्रक्रिया आवारातच करायची होती. आमचा ओला ३३५ किलो. सगळा आवारात जिरवायला जागा नाही. खरकट्याला हात घातला नाही, तेल-मिठामुळे खत बिघडते आणि उंदीर येतात. भाजीची देठे, साली, पाला एवढेच घेतले: दिवसाला ६० किलो.

मागच्या बाजूला विटांच्या, फटी ठेवलेल्या चार टाक्या, प्रत्येकी एक घनमीटर. २८,००० रुपये. एक टाकी साधारण दहा दिवसांत भरते, चौथी भरेपर्यंत पहिली महिनाभर मुरलेली असते.

३ मे

पहिली टाकी बिघडली. नुसता हिरवा पाला भरल्यामुळे खाली चिखल झाला, वास आणि अळ्या. वरच्या मजल्यावरून तक्रार.

उपाय शेजारीच होता. हापूसचा हंगाम चालू आहे, ३० एप्रिलला अक्षय्यतृतीया झाली, फळांच्या गाळ्यात पेट्यांचा पेंढा ढिगाने पडलेला, तो रोज सुक्या डब्यात जात होता. आता दोन टोपल्या पाल्याला एक टोपली पेंढा, थरावर थर. लांब पेंढा कापून घ्यावा लागतो, नाहीतर उलटताना फावड्याला गुंडाळतो. टाकी रिकामी करून पेंढ्यासह पुन्हा भरली. चौथ्या दिवशी वास गेला, आत हात घालवत नाही इतकी ऊब. उरलेला पेंढा पोत्यांत भरून ठेवला, जूननंतर तो मिळणार नाही. संपल्यावर सुका पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो.

५ मे

नवी मोजणी. ओला: ३३५ मधून ६० टाक्यांत, सुमारे ५० निथळून कमी. उरले २२५ किलो. मजल्यावरचे तीन अर्धे-रिकामे डबे काढून तिथे ४० लिटरच्या बादल्या ठेवल्या, त्या दिवसातून दोनदा खालच्या डब्यात रिकाम्या होतात. २४० लिटरचे तीन डबे पुरतात, प्रत्येकी ७५ किलो. आत काठाखाली १५ सेंटिमीटरवर लाल रेघ मारली, तिच्यावर भरायचे नाही. हॉटेलच्या कचऱ्याच्या घनतेने तिथे ९६ किलो होतात.

१२० लिटरचे डबे घ्यायचा विचार केला होता. त्यांचा दर ७० रुपये आणि क्षमता ४८ किलो, पाच लागले असते: ३५० रुपये. तीन मोठ्यांचे ३६०. दहा रुपयांसाठी पाच डबे धुण्याची मेहनत नको. उतार जास्त असेल तर मात्र लहानच घ्यावेत.

सुका: दिवसाला ४५० लिटरच्या आत. एक मोठा डबा दिवसाआड पुरतो. शौचालयातला सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, वेगळ्या खुणेच्या पिशवीत रोजच जातो, तो दोन दिवस ठेवू नये.

८ मे

ठेकेदाराबरोबर बैठक. त्याची बाजू समजून घेणे गरजेचे होते: त्याचा खर्च डिझेल, ड्रायव्हर आणि दोन मदतनीस. डबे नऊवरून चारवर आले म्हणून त्याची गाडी स्वस्तात येत नाही. त्याने दिवसाआड उचलायच्या मोठ्या डब्याला ५२० रुपये आणि प्रत्येक फेरीला किमान ६०० मागितले.

किमान रकमेची मेख कागदावर मांडली. सुका नसलेल्या दिवशी आमचे होतात ३६० अधिक पोत्यांचे ६०, म्हणजे ४२०. तरी ६०० द्यायचे. सुक्याच्या दिवशी ९४०. सरासरी दिवसाला ७७०. मोठा डबा रोज ४०० ने उचलला तर ८२०. दिवसाआडची सगळी कसरत करून महिन्याला वाचतात फक्त १,५०० रुपये. किमान रक्कम ४५० वर आणली तर सरासरी ६९५ होते.

आमच्याकडून दिले: वेळेत बिल, झाकण बंद, लाल रेघ पाळू, आणि गाडी आल्यावर पाच मिनिटांत डबे फाटकापाशी. शेवटची गोष्ट त्याला सर्वात जास्त हवी होती, रोज पहाटे गाडी वीस मिनिटे खोळंबत होती. ४५० वर तो तयार झाला. बिल आता उचललेल्या डब्यांवर. सोमवारी एक जादा ओला डबा, रविवारच्या गर्दीसाठी. सूचना आजच दिली, नवे दर ७ जूनपासून.

२६ मे

मान्सून आज पुण्यात पोहोचला, एरवी जूनचा दुसरा आठवडा धरतो. पिंजऱ्याच्या जाळीतून पाणी आत आले, खालचे आठ-दहा गठ्ठे भिजले. भंगारवाल्याने ओला पुठ्ठा घेतला नाही, नुकसान त्या दोघींचे झाले. ते संकुलाने भरून दिले, जागा संकुलाची होती. पिंजऱ्याला बाजूने पत्रा आणि खाली लाकडी पॅलेट, भाजीच्या दुकानातून फुकट मिळाले. खतटाक्यांवर ताडपत्री. पत्रा, ताडपत्री, आधीचे कटर आणि हातमोजे धरून २,१०० रुपये.

मोठ्या डब्याच्या तळाला पाणी काढायचे बूच असते, ते गायब होते. सुक्यात बाहेरचे पाणी शिरत होते. ठेकेदाराकडून मागवले.

८ जुलै

नव्या दराचा पहिला पूर्ण महिना, ७ जून ते ६ जुलै. ३० दिवसांचे ६९५ च्या सरासरीने २०,८५०, सोमवारच्या जादा डब्यांचे ४२०, खतटाक्या उलटणाऱ्या माणसाचे ४,५००. एकूण २५,७७० रुपये. आधीचे ६६,०००.

एकरकमी खर्च: काटा ६,५००, पिंजरा १४,०००, टोपल्या ५,४००, ट्रॅप ३,०००, टाक्या २८,०००, बाकी २,१००. बेरीज ५९,०००. दीड महिन्यात फिटेल. पण मोजणी सुरू केल्यापासून बिलात फरक दिसेपर्यंत तीन महिने गेले, त्यातला एक फक्त सूचनेच्या मुदतीत. पुन्हा करायचे झाले तर मोजणीचे दोन आठवडे संपताच दोन सुके डबे कमी करायची सूचना देता येईल. डबे तेव्हाही ६२ टक्केच भरत होते आणि एक डबा तर काहीच न बदलता कमी होत होता.

राहिलेले काम: थर्माकोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यातून टीव्ही-फ्रिजचे येते, वजन नगण्य, पण मोठ्या डब्याचा पाचवा हिस्सा धरते. भंगारवाला घेत नाही. तोडून भरले तर गोळ्या आवारभर उडतात. घरपोच डिलिव्हरी करणारा टेम्पो परतताना रिकामा जातो, त्यातून थर्माकोल गोदामात परत पाठवायला दुकानाचा मॅनेजर तयार आहे. येत्या सोमवारपासून सुरू.